शेतीशाळेचा हिशेब

कृषी विस्तार योजनांनी लहान शेतकऱ्याचं उत्पन्न खरंच वाढतं का, असं संपादकांनी विचारलं आणि मला २०२४चा खरीप आठवला. लातूर जिल्ह्यातल्या सोयाबीन उत्पादकांच्या जमाखर्चाच्या वह्या तेव्हा मी तपासत होते. विस्तार योजनेतल्या शेतीशाळेला नेमाने येणाऱ्यांचा उतारा चांगला पडला होता. पण हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजार समितीतला दर त्याच्या बराच खाली होता. दोन एकरवाल्याला माल घरात ठेवून थांबणं परवडत नाही. मळणीवाल्याचे पैसे, दुकानदाराची उधारी, रब्बीचं बियाणं, सगळं त्याच आठवड्यात दारात उभं असतं. उतारा वाढूनही हातात काही उरलं नाही. अहवालात ती शेतीशाळा यशस्वी आहे, आणि हे मला अजून खुपतं.

आमच्या शास्त्रातला एक वाद इथे सांगायलाच हवा. इस्रायलच्या डॅनियल बेनॉर यांची ‘प्रशिक्षण व भेट’ ही विस्तार पद्धत जागतिक बँकेच्या पाठबळाने सत्तरच्या दशकात भारतात आली, पुढे केनियातही गेली. तिथल्या कुटुंबांच्या १९९०च्या माहितीवरून बिंदलिश आणि इव्हेन्सन यांनी विस्तारावरच्या खर्चाचा परतावा फार मोठा असल्याचं मांडलं. नंतर गौतम आणि अँडरसन यांनी तीच माहिती पुन्हा तपासली. नोंदींतल्या चुका दुरुस्त केल्या, प्रदेशाप्रदेशातला फरक हिशेबात धरला, आणि परतावा सिद्धच होईना. मुळातच सुपीक, पावसाच्या भागात पीक चांगलं येत असेल, तर त्याचं श्रेय विस्तार कार्यकर्त्याच्या खात्यावर जमा होऊ शकतं. आपल्याकडेही शेतीशाळेत पुढे कोण बसतो? ज्याच्या विहिरीला पाणी आहे, ज्याला दुसऱ्याच्या रानात मजुरीला जावं लागत नाही, तो. त्याची तुलना न आलेल्याशी केली तर शिकवण्याचा परिणाम किती आणि विहिरीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. त्यासाठी दोन्ही गटांची आधीची स्थिती माहीत हवी, आणि दोघांत पुढे झालेल्या बदलांतला फरक मोजायला हवा. मात्र ‘परतावा सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘योजना फुकट गेली’ असा लावतात, तेव्हा मला राग येतो. पुरावा अपुरा असणं वेगळं, परिणाम नसणं वेगळं.

मला स्वतःला सर्वाधिक भरवसा वाटतो तो खर्च वाचवणाऱ्या सल्ल्यावर. २०२०च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या, दुबार पेरण्या झाल्या. त्यानंतर घरचं बियाणं वापरण्यावर जोर दिला गेला. सोयाबीन स्वपरागसिंचित आहे, त्यामुळे घरचं निवडक बियाणं चालतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवडाभराने कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं, कमी उगवले तर त्या मानाने बियाणं वाढवायचं. विकतच्या बियाण्याच्या पिशवीचे पैसे पेरणीआधीच वाचतात, मग बाजारभाव काहीही असो. या ज्ञानात दुकानदाराला विकण्यासारखं काही नाही, म्हणून ते सांगायला पगारी माणूसच गावात यावा लागतो. तो किती जणांपर्यंत पोचतो? २००३च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत विस्तार कार्यकर्त्याकडून माहिती मिळालेली शेतकरी कुटुंबं सहा टक्क्यांच्या आसपास होती. प्रगतिशील शेतकरी, निविष्ठा विक्रेते आणि रेडिओ, तिघेही त्याच्या पुढे होते.

कृषी सहायक काही करत नाही, असं लोक सर्रास बोलतात. अनेक गावं त्याच्या गळ्यात, त्यात पंचनामे, अनुदानाचे अर्ज, बैठका. ‘साहेब, काय आणलं?’ हा गावाचा पहिला प्रश्न. वस्तू वाटल्या तर योजना, नुसतं दाखवलं तर वेळकाढूपणा, ही समजूत तीस वर्षांत हललेली मी पाहिली नाही.

येत्या खरिपात आमच्या शेतकरी गटांच्या नोंदवहीत मी उताऱ्याच्या आधी बियाणं, फवारणी आणि मजुरीचा खर्च लिहून घेणार आहे, आणि माल कोणत्या तारखेला, काय दराने गेला तेही. शेतीशाळेला न आलेल्या घरांचीसुद्धा तशीच वही, पेरणीच्या आधीपासून.