पानगळीतला वसंत

पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा मानला आहे. वसंतपंचमी मात्र माघातच येते. म्हणजे पाहुणा दाराशी येण्यापूर्वी त्याची वर्दी पोचलेली असते. ही वर्दी प्रथम कोणाला मिळते? कोणी कोकिळेचे नाव घेतात, कोणी पळसाचे. आमच्या छावणीत वसंत सर्वांआधी कळतो तो खराट्याला.

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, खाम नदीच्या पलीकडे, ही जुनी लष्करी वस्ती आहे. येथे कडुनिंब पुष्कळ. एक आमच्या अंगणातही आहे. फाल्गुन लागला की त्याची पाने पिवळी पडू लागतात. अंगण झाडून खराटा भिंतीशी टेकवावा आणि वळून पाहावे, तो अंगण पुन्हा भरलेले!

2021 साली शेजारच्या तेलंगणात बुरशीच्या रोगाने पुष्कळ कडुनिंबांचे शेंडे वाळून गेले होते. ती बातमी मनात ताजी असतानाच आमच्या निंबाची पानगळ सुरू झाली. आठ-दहा दिवसांत झाडाचा नुसता सांगाडा राहिला. शेजारचे एक गृहस्थ कुंपणापाशी येऊन म्हणाले, "झाड गेले हो तुमचे! पावसाळ्यापूर्वी तोडून घ्या. उगाच घरावर पडायचे." माझ्याही मनात पाल चुकचुकली. झाड तोडणाऱ्याला निरोप पाठवावा काय, असा विचार मी करू लागलो.

अंगण झाडणाऱ्या मावशी हे ऐकत होत्या. त्यांनी खराट्याच्या टोकाने एक फांदी दाखविली. संक्रांतीला अडकलेला पतंग काढताना मुलांनी ती मोडली होती व ती तशीच लोंबकळत होती. तिची पाने वाळून कोळ झाली होती, पण गळली नव्हती. मावशी म्हणाल्या, "मेलेली फांदी पान सोडत नसती, दादा."

किती खरे होते ते! पान गळणे म्हणजे नुसते तुटून पडणे नव्हे. झाड देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पडदा तयार करते. तेथून देठ अलगद सुटतो आणि उरलेली खूण झाड भरून काढते. हे सारे काम जिवंत फांदीचे. अचानक मेलेल्या फांदीला ते साधत नाही. म्हणून तिची पाने तिलाच चिकटून राहतात. तुम्हीही एखादी मोडलेली फांदी पाहा, म्हणजे पटेल.

मी निरोप पाठविला नाही. रोज सकाळी मात्र मान वर करून शेंडे न्याहाळू लागलो. त्या उघड्या शेंड्यावर बसून एक तांबट पक्षी टुक् टुक् करीत असे. जणू भांड्यावर हातोडी पडते आहे. पाने असती तर तो मला दिसलाही नसता. कोपऱ्यातल्या आंब्याचा मोहर तोवर झडू लागला होता. हजारो फुलांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कैऱ्या धरल्या होत्या. मोगऱ्याला अजून कळ्या नव्हत्या.

आणि एके दिवशी निंबाच्या टोकांशी तांबूस कोंब दिसले. ही कोवळी पाने प्रथम हिरवी नसतातच. तो लालसर रंग कोवळ्या पानाचे प्रखर उन्हापासून रक्षण करतो, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. मला तर तो रंग हिरव्याहूनही सुंदर वाटतो. दोन शेंडे मात्र शेवटपर्यंत फुटले नाहीत. ते आम्ही छाटून जाळून टाकले.

गुढीपाडव्याच्या सकाळी कोवळी पालवी वाऱ्यावर हलत होती आणि काही डहाळ्यांवर पांढरा फुलोराही आला होता. इतक्यात कुंपणावरून हाक आली. तेच गृहस्थ हातात ताटली घेऊन उभे होते. त्यांना गूळ घालून वाटण्यासाठी निंबाची कोवळी पाने व फुले हवी होती. मावशींनी खराटा बाजूला ठेवला आणि एक डहाळी वाकविली.