पोकळीचे पैसे

तारोडी, डोंगरी, उत्तन या पट्ट्यातल्या जुन्या घरांची ओटी मुळात उघडी. वर मंगलोरी कौलं, खाली रीपा आणि वासे. तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जायची. आता ओटीला सरकत्या काचा बसतात, कौलं उतरवून रंगीत पत्रा चढतो आणि एप्रिलच्या दुपारी तिथे कुणाला बसवत नाही. मग सीलिंगसाठी मला बोलावणं येतं.

गिऱ्हाईक बहुधा परदेशातल्या मुलाने पाठवलेला व्हिडिओ दाखवतं: छतात फूटभर जाडीची काचेची लोकर ठासून भरलेली. तिकडे घरातली ऊब आत ठेवायची असते. आपल्याकडे वैरी डोक्यावर आहे. भर उन्हात पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज जातो आणि त्याची उष्णता मुख्यतः किरणांनी खाली उतरते. गरम हवा बिचारी वरच अडकून राहते. शिवाय लोकरीत पावसाळ्याची ओल शिरली की ती बसते, लोंबते आणि कुबट वास मारते.

म्हणून मी चकचकीत फॉइल लावतो, पण पत्र्याला चिकटवून कधीच नाही. चिकटली की पत्र्याची उष्णता सरळ तिच्यात उतरते आणि त्या बाजूची चकाकी फुकट जाते. मध्ये किमान इंचभर मोकळी हवा हवी. चकचकीत बाजू एकच असेल तर ती खाली तोंड करून. वर ठेवली की धूळ बसते आणि वर्षा-दोन वर्षांत गुण ओसरतो. फॉइलखाली पुन्हा तीन-चार इंच पोकळी, मग सीलिंगचा बोर्ड. खालच्या कडेला आणि आढ्याजवळ वाऱ्याला वाट. एका मावशींनी विचारलं, “एवढी जागा रिकामी ठेवतोस, मग पैसे कसले?” त्या रिकाम्या जागेचेच, मावशी!

फॉइलचे पट्टे कौलांसारखेच खालून वर चढवत जायचे, वरचा खालच्यावर. थंडीत निरभ्र रात्री पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो आणि पहाटे आतून घामेजतो. लोकांना वाटतं, छत गळतंय. उतार नीट असेल तर ते थेंब फॉइलवरून पन्हळीकडे निघून जातात. वाऱ्याच्या वाटेवर उंदरांसाठी जाळी लागते, ती स्टेनलेसचीच. इथला खारा वारा साध्या जाळीला फार दिवस ठेवत नाही. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला ड्रिल लावत नाही, त्यात ॲस्बेस्टॉस असतं. फ्रेम भिंतीवर नाहीतर वाशांवर घेतो. थर्माकोल स्वस्त पडतो, पण वायरिंगच्या शेजारी तो ठेवायला माझं मन धजत नाही.

पश्चिमेच्या काचेतून येणाऱ्या उन्हापुढे मात्र कुठल्याही सीलिंगचं काही चालत नाही. तसली ओटी दिसली की ॲडव्हान्स घ्यायच्या आधीच सांगतो: आधी काचेच्या बाहेरून बांबूची चिक सोडा, आठवडाभर बसून बघा आणि मग छताचं ठरवा.