नीलगिरीवरच्या गाठी : औषध आणायच्या आधी एक गाठ कापून बघा



गेल्या आठवड्यापासून एक फोटो फिरतोय. नीलगिरीच्या फांदीवर लाकडासारखी टणक गाठ, तिला चार लांब शिंगं. खाली लिहिलंय, "नीलगिरीवर नवी कीड, लगेच फवारा." बऱ्याच जणांचे फोन आले. एक भाऊ तर दोन वर्षांची लागवड उपटायचं म्हणत होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोटोतली गाठ खरी आहे, पण ती ऑस्ट्रेलियातली. नीलगिरीचं माहेरही तेच. कीड खवले किडीच्या गटातली, म्हणजे आपल्या पिठ्या ढेकणाची लांबची भाऊबंद. नाव अपिओमॉर्फा. पिल्लू कोवळ्या भागावर बसून रस ओढायला लागलं की झाडच त्याच्याभोवती गाठ वाढवतं. मादी जन्मभर त्या गाठीतच राहते. गाठीच्या टोकाला बारीक भोक असतं. पंखवाला नर बाहेरूनच त्या भोकातून मादीशी जुळतो, आणि पिल्लंही तिथूनच बाहेर पडून वाऱ्यावर पसरतात. नराच्या गाठी वेगळ्या, लहान नळीसारख्या.

आपल्याकडच्या नीलगिरीवर ज्या गाठी दिसतात त्या या किडीच्या नाहीत. त्या एका बारीक गाठमाशीच्या. शास्त्रीय नाव लेप्टोसायबी इन्वेजा. ही पण मूळची ऑस्ट्रेलियाचीच. २००० साली इस्राईलमध्ये सापडली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत दक्षिण भारतात दिसली. माशी जेमतेम सव्वा मिलिमीटरची, काळसर चमकदार. नर नसला तरी मादी अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच होतात. म्हणून ही एवढी झपाट्याने पसरली.

ओळख सोपी आहे. शिंगं वगैरे काही नाही. पानाची मधली शीर, देठ आणि कोवळा शेंडा यावर ओळीने फुगवटे येतात. आधी हिरवे, मग गुलाबी, शेवटी तपकिरी. पानं वाकडी होतात, शेंडा खुंटतो. रोपवाटिकेतली रोपं, नवी लागवड आणि तोडणीनंतरचे फुटवे यांना जास्त त्रास. मोठं झाड सहसा मरत नाही.

आता मुद्दा फवारणीचा. भातावरच्या गादमाशीचा अनुभव असलेल्यांना हे लगेच कळेल. अळी आत बंद असते, वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. माश्याही एकदम बाहेर पडत नाहीत, पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. उलट मधमाशा मरतात, आणि गाठमाशीला खाणारे मित्रकीटकही. इस्राईलने ऑस्ट्रेलियातून असे दोन मित्रकीटक आणून सोडले, त्यातला क्वाड्रास्टिकस मेंडेली पुढे आपल्या देशातही आणला गेला. विषारी औषध मारून त्यांनाच घालवलं तर काम कोण करणार?

म्हणून ब्लेडने एक गाठ उभी कापा. आत पांढरी, बिनपायाची अळी दिसली तर गाठ चालू आहे. बाहेर टाचणीएवढी भोकं असतील तर माशी केव्हाच उडून गेली, त्या गाठीवर औषध मारणं म्हणजे रिकाम्या घराला कुलूप.

रोपं थोडी असतील तर भोकं पडायच्या आधी गाठीचे शेंडे खुडून जाळा. नवी रोपं घेताना कोणता क्लोन आहे ते विचारा, कारण एकाच शेतात एक क्लोन गाठींनी भरतो आणि शेजारचा स्वच्छ राहतो. देठ आणि शीर हाताने चाचपून बघा. गाठ लागली तर रोप तिथेच ठेवा, कितीही स्वस्त असू दे.

आणि खरंच शिंगवाली गाठ तुमच्या शेतात सापडली तर ती फेकू नका, फवारूही नका. फांदीसकट पिशवीत बंद करून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. गाव आणि तारीख लिहून ठेवा.