चाक फिरतंय का बघ



आज पिकाचं थोडं आणि कॅमेऱ्याचं जास्त आहे. ज्यांना फक्त मक्यावरची लष्करी अळी बघायचीय त्यांनी सरळ खाली जावं, अळी खाली आहे. बाकीच्यांनी जरा बसा.

कॅमेरा म्हणजे मोबाईल नव्हे, रोलचा. छत्तीस फोटोंचा रोल घालायचा, संपवायचा, धुवायला पाठवायचा आणि वाट बघायची. ऑलिंपस कंपनीचा ओएम-१, मूळचा १९७२ सालचा नमुना. त्या काळी भिंगं बदलता येणारे कॅमेरे म्हणजे चांगले जडशीळ असायचे. जपानच्या मायतानी नावाच्या इंजिनिअरनं हा अर्ध्या किलोच्या आसपास आणून ठेवला. आधी नाव नुसतं एम-१ होतं, पण लायका कॅमेरेवाल्यांनी हरकत घेतली म्हणून पुढं 'ओ' लागला. आपल्याकडं बांधावरून भांडणं होतात, तिकडं अक्षरावरून.

हा माझ्याकडं आला दौंडहून. तिथं एक निवृत्त कृषी अधिकारी राहतात. नाव लिहू नको म्हणाले, म्हणून नुसतं साहेब म्हणतो. मी दुसरी-तिसरीत असताना ते आमच्या शिरूरच्या भागात होते. संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर धोतर ताणून बांधायचे आणि स्लाईड दाखवायचे. कांद्याच्या पातीवरचा जांभळा करपा त्या धोतरावर बैलाएवढा दिसायचा. माणसं जेवायची थांबायची, पण स्लाईड बघून जायची. ते सगळे फोटो या कॅमेऱ्यावर काढलेले.

गेल्या वर्षी जानेवारीत त्यांना भेटायला गेलो. न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडला की केडगाव, चौफुला, पाटस आणि मग दौंड. त्यांच्या हाताला आता कंप सुटलाय. कपाटातून कातडी पिशवी काढली, त्यात कॅमेरा आणि तीन भिंगं. म्हणाले, "वापरणार असलास तर ने. कपाटात ठेवायचा असला तर माझ्या कपाटात जागा आहे."

आणला.

आता शिकायचं कसं? वर एक चकती, पुढं दोन कडी. एक कडं भिंगाच्या भोकाचं, दुसरं शटरच्या वेळेचं. बाकीच्या कंपन्या वेळेची चकती वर ठेवतात, यांनी भिंग बसतं तिथंच भोवती ठेवलीय, म्हणून डोळा न हलवता डाव्या हातानं फिरते. मला चार दिवस काहीच कळेना. परत दौंड गाठलं. साहेबांनी ओसरीवर बसवून सांगितलं ते इथं देतो, कारण इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"वाफ्याला पाणी द्यायचंय. दोन इंची पाईपनं दहा मिनिटं दिलं काय नि एक इंचीनं चाळीस मिनिटं दिलं काय, वाफा तेवढाच भिजतो. भोक म्हणजे पाईप, शटर म्हणजे वेळ. रोलवरचा आकडा म्हणजे जमीन. चारशेची लवकर भिजते, शंभरची सावकाश."

मी विचारलं, मग आकडा मोठा होतो तसं भोक बारीक का होतं? २.८ ला एवढं मोठं आणि १६ ला सुईएवढं? म्हणाले, "तो आकडा छेद आहे. जमिनीचा चौथा हिस्सा मोठा का सोळावा?" वाटणीची भाषा शेतकऱ्याला लगेच कळते.

आणि एक अंदाज दिला, मीटर बंद पडला तरी चालणारा. कडक ऊन असेल तर भोक १६ वर ठेवायचं आणि वेळ रोलच्या आकड्याएवढी. २०० चा रोल असेल तर सेकंदाचा अडीचशेवा हिस्सा. ढग आले की भोक एकेक घर उघडत जायचं.

एवढं कळल्यावर मला वाटलं, आलं आपल्याला.

मार्चमध्ये आमची बैलं विकली. पाखऱ्या आणि हौश्या, खिल्लार जोडी. आण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर, मी दिवसभर गाईंच्या मागं, ट्रॅक्टर दारात. दोन वर्षं बैलं नुसती दावणीला उभी होती. घोडनदीपलीकडचा, श्रीगोंद्याच्या बाजूचा एक शेतकरी आला, त्याला कामाला पाहिजेच होती. हेड्याला द्यायची नाहीत हे आण्णांचं ठरलेलं होतं. व्यवहार झाला. शेवटचा दिवस म्हणून मी नवा रोल घातला आणि सकाळपासून मागं लागलो. आण्णा बैलं धुताना. आण्णा शिंगांना तेल लावताना. आईनं भाकरी चारली ती. टेम्पोच्या फळीवर हौश्या पाय ठेवेना तेव्हा आण्णांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, तो तर मी अगदी जवळून घेतला. मोबाईल त्या दिवशी खिशातून काढलाच नाही. म्हटलं, आता काय मोबाईलवर.

छत्तीसच्या पुढं सदतीस झालं, अडतीस झालं, एकोणचाळीस झालं. मी खूश. म्हटलं, कंपनीनं जास्तीचे दिले.

रोल पुण्याला पाठवला. दहा दिवसांनी आला तो कोरा. नारिंगी काचेसारखी लांब पट्टी, कडेला कंपनीचे आकडे तेवढे उमटलेले, मधे काही नाही. घालताना फिल्मचं टोक आतल्या रिळाच्या खाचेत नीट अडकलं नव्हतं. मी खटका ओढत होतो, आकडा पुढं सरकत होता आणि फिल्म जागेवरच बसून होती.

पट्टी घेऊन साहेबांकडं गेलो. ते रागावले नाहीत, समजूतही काढली नाही. जुना वाया गेलेला रोल काढला आणि मला दहा वेळा घालायला लावला. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला वर रोल गुंडाळायची घुंडी असते. फिल्म खरंच सरकत असेल तर पुढचा खटका ओढताना ती घुंडी आपोआप उलटी फिरते. फिरली नाही तर आत काही चाललेलं नाही. "चाक फिरतंय का बघ," एवढंच म्हणाले. पहिल्या दिवशीही सांगितलं होतं म्हणे. असेल. मी तेव्हा भिंगं बघत होतो.

घरी येऊन मोबाईल चाळला. अकरा हजारांवर फोटो निघाले. उसाचे, कांद्याचे, ड्रिपच्या नळीचे, खताच्या पावत्यांचे, गाईच्या कासेचे. बैलं किती? एक. फवारणी पंपाचा वॉल्व्ह गळत होता तो दुकानदाराला दाखवायला काढलेला फोटो, त्याच्या कोपऱ्यात पाखऱ्याचं एक शिंग. नऊ वर्षं दावणीला होती ती जोडी.

आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "न्हाई निघालं तर न्हाई निघालं. मला दिसत्यात." आणि वैरण टाकायला गेले. आता दावणीला गाईच होत्या.

दुसरा रोल निघाला, पण सगळा काळवंडलेला. याचं कारण कळायला महिना गेला. या कॅमेऱ्याचं शटर सेलवर चालत नाही, सेल फक्त उजेड मोजणाऱ्या काट्याला लागतो. तो जुना सेल पाऱ्याचा, १.३५ व्होल्टचा. पाऱ्यामुळं ते सेल बंद झाले. दुकानात त्या मापाचा मिळतो तो दीड व्होल्टचा. दाब जास्त, म्हणून काटा उजेड आहे त्यापेक्षा जास्त सांगतो आणि आपण भोक बारीक करत बसतो. जास्त दाबाचा पंप लावून ड्रिपरचा ताशी हिशेब जुनाच धरल्यासारखं. उपाय साहेबांनीच सांगितला: कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल. तो जस्त आणि हवेवर चालतो, साधारण १.४ व्होल्ट देतो. अंगानं थोडा बारीक आहे, भोवती रबराची रिंग घातली की बसतो.

कानाचं मशीन आण्णांचं. सेलची पट्टी त्यांच्या उशाला. एक मागितला तर म्हणाले, "आरं, कानातलं काढून डोळ्यात घालतोस व्हय?" पण दिला. त्याच्यावरचा स्टिकर काढला की हवा लागून तो सुरू होतो आणि मग वापरा नाहीतर ठेवा, दोन-तीन महिन्यांत संपतो. तेव्हा स्टिकर आधी काढून ठेवू नका.

तिसऱ्या रोलला अजून एक गोष्ट कळली आणि ती सगळ्यात कामाची. काट्याला रंग कळत नाही. समोर काहीही असो, ते मध्यम राखाडी आहे असं तो धरून चालतो. काळी जमीन चौकटभर घेतली तर तिची राख करतो, पांढरी गाय घेतली तर ती मळकी येते. म्हणून त्याच उजेडात आपला तळहात धरायचा, त्याच्यावर मोजायचं आणि भोक एक घर उघडायचं. तळहात कायम बरोबर असतो आणि फुकट असतो. बाकी काही फुकट नाही. रोल, धुणं आणि स्कॅन धरून मला एका फोटोला चाळीसेक रुपये पडतात. डेअरीत लिटरभर गाईच्या दुधाला मिळतात त्यापेक्षा जास्त. त्यामुळं आता खटका दाबायच्या आधी मी वहीत लिहितो. नंबर, भोक, वेळ, ऊन कुठून, आणि कशासाठी काढतोय. शेवटचा रकाना भरता आला नाही तर फोटो काढत नाही. बरेच वाचतात.

आता अळी.

जुलैत मुरघासाच्या मक्यात पोंग्यातली पानं खाल्लेली दिसली, आत भुश्शासारखी ओली विष्ठा. २०१८ पासून आपल्याकडं आलेली अमेरिकन लष्करी अळी बहुतेकांना माहीत आहे, पण कुठलीही अळी दिसली की तीच म्हणून फवारणारे आमच्याकडं कमी नाहीत. खूण पक्की आहे. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडून दुसऱ्या वलयावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके. मी साहेबांचं पन्नास मिलिमीटरचं जवळचं भिंग लावलं. याच्यात वस्तू फिल्मवर निम्म्या आकारात येते. तीन सेंटिमीटरची अळी म्हणजे फिल्मवर दीड सेंटिमीटर, आणि फिल्मची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर. जागा भरपूर. पण एवढ्या जवळून नेमकं दिसणारं अंतर काही मिलिमीटरच असतं. ठिपके जुळवले की डोकं पुसट, डोकं जुळवलं की ठिपके पुसट. त्यात भीमेकडून वारा. शेवटी पोंगा हातात धरून वाऱ्याकडं पाठ करून बसलो, भोक ११ केलं, आणि अळी कॅमेऱ्याला आडवी यायची वाट बघितली. वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत ती कशी उलटी सरकते, विष्ठेचा बोळा पोंग्याच्या तोंडाशी कसा लोटते, दुसरी अळी आली की तिला कशी भिडते, हे सगळं बघितलं. आठ वर्षं मका करतोय, पहिल्यांदा बघितलं. दोन फोटो काढले, एक बरा आलाय, सोबत टाकलाय. ठिपके मोजून घ्या.

एक स्पष्ट सांगतो. तातडीनं सल्ला पाहिजे असेल तर मोबाईलच बरा. रोल धुऊन येईपर्यंत पोंगा संपलेला असतो.

दादासाहेब फाळक्यांचं इथं आठवतं. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघितलेल्यांना माहीत असेल. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी राजा-राणी नाही काढले. कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत त्याची वाढ फिल्मवर घेतली. ती 'अंकुराची वाढ' दाखवून पैसे उभे केले आणि मग 'राजा हरिश्चंद्र' झाला. मीही बांधावर एक खुंटी ठोकलीय. दर सोमवारी सकाळी नऊला, त्याच खुंटीवरून, त्याच भिंगानं मक्याचा एक फोटो. कृषीवाल्या मित्रांनी हे मोबाईलवर करून बघावं, जागा आणि वेळ तेवढी बदलू नये.

भादवी पोळ्याला आण्णा सकाळीच म्हणाले, "गाडी काढ. नदीपल्याड जाऊन येऊ." काय ते मी विचारलं नाही. कॅमेरा घेतला, रोलमध्ये नऊ फोटो शिल्लक होते.

त्या शेतकऱ्यानं चांगलं स्वागत केलं. पाखऱ्या दारात उभा होता, शिंगं रंगवलेली, अंगावर झूल. हौश्या नव्हता. उन्हाळ्यात पायानं अधू झाला म्हणून दिला म्हणाले, कुठं ते नीट सांगितलं नाही. आण्णांनीही खोदून विचारलं नाही. पाणी मागितलं, प्यायले, आणि जाऊन पाखऱ्याच्या वशिंडावर हात ठेवून उभे राहिले. त्यानं ओळखलं की नाही मला सांगता येणार नाही. मान हलवली, पण माश्याही होत्या.

वहीतलं तसंच्या तसं देतो. "नंबर ३१. पन्नासचं भिंग. भोक ५.६, वेळ १२५. लिंबाची सावली, बैल पांढरा, तळहातावर मोजून एक घर उघडलं. आण्णा आणि पाखऱ्या." ३२, ३३ आणि ३४ पण तेच. दर खटक्याला घुंडीकडं बघितलं, फिरत होती. छत्तीसला खटका अडला.

रोल परवा पुण्याला पाठवलाय. आला की इथंच टाकतो. मक्याला दुसरी फवारणी लागली नाही, मुरघासाचा हिशेब पुढच्या वेळी.