पुढे पाहा

छापील पुस्तकात ‘पृष्ठ अमुक पाहा’ असे लिहिणे सोपे असते. पुस्तक एकदा बांधून झाले की पान कुठे जात नाही. संगणकातल्या मदत-पुस्तिकेचे तसे नाही. तिची शिलाई कायम उघडी. कुणी मधेच चार ओळी घालतो, कुणी एक परिच्छेद उचलून दुसऱ्या फाइलीत नेतो, आणि ‘इकडे पाहा’ म्हणणारी बोटे जुन्याच जागेकडे रोखलेली राहतात. आम्ही दोघे मित्र गेली काही वर्षे रविवारी सकाळी ही बोटे तपासत बसतो.

पुस्तिका आहे ‘विम’ या मजकूर-संपादकाची. ब्राम मोलेनार या डच गृहस्थांनी तो १९९१ साली अमिगा संगणकासाठी लोकांपुढे ठेवला आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी वारेपर्यंत सांभाळला. तो फुकट मिळतो. आवडला तर युगांडातल्या किबाले येथील मुलांसाठी काही द्या, एवढीच त्यांची विनंती असे. १९९४ साली ते स्वतः तिथे वर्षभर पाणी आणि स्वच्छतेचे काम करून आले होते. मदतीच्या फाइली विमबरोबरच येतात, इंटरनेट लागत नाही. ज्याला विचारायला शेजारी कुणी नाही, त्याचा हाच मास्तर. म्हणून सुरुवातीची प्रकरणे मराठीत आणायला घेतली.

यंत्रणा तशी साधी आहे. जिथे पोचायचे त्या जागेचे नाव दोन चांदण्यांमध्ये लिहितात. जिथून निघायचे तिथे तेच नाव दोन उभ्या रेघांमध्ये. (आपल्याकडे पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या रेघा पोथीतल्या दंडासारख्या वाटतात, वाक्य संपले समजून तो पुढे जातो.) नावावर कर्सर नेऊन कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला की उडी, कंट्रोल-टी दाबले की परत. ‘हेल्पटॅग्ज’ नावाचा एक हुकूम सगळ्या फाइली चाळून चांदण्यांतली नावे गोळा करतो आणि कोणते नाव कोणत्या फाइलीत, याची यादी बनवतो. एकच नाव दोनदा आले तर ओरडतो. पण त्याचे लक्ष फक्त चांदण्यांवर. रेघांतले नाव कुठेच अस्तित्वात नसले तरी तो गप्प. ते कळते थेट वाचकाला, उडी मारल्यावर.

हे दोन्ही परवडले. तिसरा प्रकार वाईट. नाव आहे, उडीही बसते, पण सांगितलेली गोष्ट तिथे नाही. विमच्या वापरकर्ता-पुस्तिकेत उपविभागांचे क्रमांक हीच त्यांची नावे आहेत. चौथ्या प्रकरणात ०४.३ म्हणजे केलेला बदल पुन्हा करणे आणि ०४.४ म्हणजे व्हिज्युअल मोड. समजा, उद्या कुणी या दोहोंच्या आधी एक नवा उपविभाग घातला आणि पुढचे आकडे सरकवले. आता व्हिज्युअल मोडसाठी ०४.४ कडे पाठवणारे प्रत्येक बोट वाचकाला ‘बदल पुन्हा करणे’वर नेऊन सोडेल. यादी बिनचूक, यंत्र समाधानी, वाचक भलत्याच दारात.

भलत्या दारात उभे राहणे म्हणजे काय, ते आम्हांला शेजारच्या मुलीमुळे कळले. उर्दू शाळेतून आलेली, तालुक्याच्या गावी एका संगणक वर्गाला जायची. वर्गाच्या झेरॉक्स वहीत लिहिले होते, ‘पान ४७ वरील कृती करा.’ वही नव्याने काढताना पाने सरकली, आकडा तोच राहिला. ४७ वर भलताच तक्ता आखायचा होता. तिने तो तीनदा आखला. मग वही घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, “चाचा, माझंच डोकं चालत नाही. बाकी सगळ्यांना येतं.” बाकीच्यांनाही येत नव्हते, ते गप्प बसले होते एवढेच. वही चुकली असेल, ही शंका तिला शिवलीसुद्धा नाही. छापलेल्या अक्षरावर आपल्या पोरांचा फार भरवसा, आणि स्वतःवर फार कमी.

तेव्हा आम्ही यंत्राच्या यादीवर विसंबत नाही. रेघांतले कोणते नाव पोरके आहे हे शोधायला लहानशी स्क्रिप्ट पुरते. तिसऱ्या प्रकाराला स्क्रिप्ट नाही. एकाने वाक्य मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने उडी मारून तिथल्या पहिल्या चार ओळी वाचायच्या, आणि वाक्याने कबूल केलेले तिथे आहे का ते ठरवायचे. वेळ जातो. जुन्या उर्दू-फारसी हस्तलिखितांत पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवत, पाने मागेपुढे लागू नयेत म्हणून. ती युक्ती आम्ही उचलली. नुसते ‘०४.४ पाहा’ असे लिहीत नाही. ‘व्हिज्युअल मोडविषयी ०४.४ पाहा’ असे लिहितो. चार अक्षरे वाढतात, पण उडी चुकली तर वाचकाला तिथल्या तिथे कळते की चूक त्याची नाही.

भाषांतरात आणखी एक पेच येतो. जागांची नावे इंग्रजीच ठेवावी लागतात. त्या नावाची जागा मराठी फाइलीत नसेल तर विम इंग्रजी फाइल उघडतो. म्हणजे मराठीत रमलेला माणूस एका उडीत इंग्रजीत जाऊन पडतो. आमच्यातल्या एकाचे म्हणणे, अशा ठिकाणी बोटच काढून टाकू, बिचारा घाबरेल. दुसऱ्याचे म्हणणे, मूळ पुस्तिका त्याचीही आहे, ती लपवणारे आपण कोण? दोन रविवार यातच गेले. शेवटी शेजारच्या मुलीलाच विचारले. आता उडी मारायला बऱ्याचदा तीच बसते. ती म्हणाली, “काढू नका चाचा. फक्त लिहा ना, पुढे इंग्रजी आहे म्हणून.”

तेव्हापासून अशा प्रत्येक नावापुढे ‘इंग्रजीत’ हा शब्द लिहितो. चौथे प्रकरण त्यामुळे थोडे रखडले आहे.