खरवईच्या घरातला नाताळ

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे काशी-रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी उभे राहते. आम्ही ज्या प्रवासाविषयी लिहिणार आहोत, तो इतका लहान आहे की त्यास प्रवास म्हणावयास आम्हांसच संकोच वाटतो. डोंबिवलीस लोकलमध्ये बसावे, बदलापुरास उतरावे आणि स्थानकाच्या पूर्वेकडून रिक्षाने खरवई गाठावी. एवढीच काय ती यात्रा. परंतु या यात्रेहून परतल्यावर आमच्या घरात जे बोलणे झाले, ते पूर्वी कधी झाले नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या पुतण्याचा एक सहकारी खरवईस राहतो. घराणे मराठी ख्रिस्ती. मूळचे नगर जिल्ह्यातले. गेल्या डिसेंबरात त्याने आग्रहाचे निमंत्रण दिले, "नाताळाच्या आधीच या. सणाच्या दिवशी सजावट नुसती दिसते. आधी आलात तर ती होताना पाहाल." आमच्या आत्याबाईंचे वय शहाऐंशी. त्यांस विचारावे की न विचारावे, असा आम्हांस पेच पडला होता. तोच त्या शाल पांघरून दारात उभ्या राहिल्या.

कल्याणच्या पुढे ही लोहमार्गाची वाट 1856 साली खुली झाली. पूर्वी या मार्गाने जाणारे प्रवासी येथे घोडे बदलीत, म्हणून गावाचे नाव बदलापूर, अशी लोकांची समजूत आहे. ती खरी असो वा नसो, गाव मात्र खरोखरच बदलले. नगरपालिकेच्या हद्दीतील लोकवस्ती 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत होती. 2011 साली ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्या बदलाचे चित्र खरवईत एका दृष्टिक्षेपात दिसते. एका अंगाला कौलारू घरे, दुसऱ्या अंगाला उंच इमारती, पलीकडे कारखाने, आणि दूर धुक्यात मलंगगड व चंदेरीचे सुळके.

यजमानांचे घर अशाच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. दारास आंब्याच्या पानांचे तोरण होते. आत पाऊल टाकतो तो ओसरीवजा खोलीत यजमानांची दोन मुले जमिनीवर बसून बांबूच्या कामट्या बांधीत होती. शेजारी पतंगाच्या कागदाचे ताव आणि वाटीत कणकेची खळ. आम्ही म्हटले, "हा तर आकाशकंदील!" धाकटा हसून म्हणाला, "आकाशकंदीलच आहे, आजोबा. फक्त याला पाच टोके असतात." पूर्वेच्या ज्ञानी पुरुषांना बालयेशूकडे वाट दाखविणारा तो तारा. दिवाळीत शेजारच्या मुलांसाठी याच हातांनी आकाशकंदील केले होते, हे मागाहून कळले.

खरे काम खोलीच्या कोपऱ्यात चालले होते. तेथे गोठा मांडावयाचा होता. येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून नाताळात घरोघर लहानसा गोठा उभारण्याची रीत कॅथलिक घरांतून आहे. इटलीतील ग्रेच्चो गावी 1223 साली संत फ्रान्सिसने खऱ्या बैलासह व गाढवासह असा देखावा मांडला होता. तेव्हापासून ही रीत देशोदेशी पसरत गेली, असे सांगतात. या घरात ती आली सूनबाईंबरोबर. सूनबाई माहेरच्या वसईच्या. सासूबाई नगरकडील प्रॉटेस्टंट मंडळीतल्या. त्यांच्याकडे प्रार्थना, भजने आणि तारा एवढ्यावर सण साजरा होई, मूर्ती मांडण्याची चाल नव्हती. पहिल्या वर्षी सुनेने गोठ्याचे नाव काढले तेव्हा आपण दोन दिवस बोललोच नाही, हे सासूबाईंनीच आम्हांस हसत हसत सांगितले.

गोठ्यापुढे हिरवे कुरण हवे. त्यासाठी सूनबाईंनी आठ-दहा दिवस आधी पत्र्याच्या पसरट डब्यांत माती घालून नाचणी पेरली होती. तिचे कोवळे कोंब बोटभर वर आले होते. आत्याबाई वाकून पाहू लागल्या आणि एकदम म्हणाल्या, "अगो, ही तर घटाची पेरणी!" सूनबाईंस घटस्थापनेची माहिती होती, त्या म्हणाल्या, "होय आजी, फक्त तुमचे घट अंधारात असतात म्हणून कोंब पिवळे येतात. आम्ही उजेडात ठेवतो." मग पाणी किती शिंपडावे, माती दाबावी की मोकळी ठेवावी, यावर त्या दोघींचे असे काही सूत जमले की आम्ही तेथे उगाच उभे आहोत असे वाटू लागले.

बाजारातून आणलेली वस्तू या सजावटीत जवळजवळ नव्हतीच. विलायती सूचिपर्णी झाडाच्या जागी वसईच्या किनाऱ्यावर वाऱ्याने पडलेली सुरूची फांदी होती, मातीच्या कुंडीत रोवलेली. तिला काचेच्या गोळ्यांऐवजी सागाची कागदी टरफलांची फळे, रिठे, बाहव्याच्या काळ्या शेंगा आणि मुरुडशेंगा दोऱ्याने बांधल्या होत्या. बाळगुटीच्या डब्यातली मुरुडशेंग फांदीवर टांगली असता इतकी शोभते, हे आमच्या ध्यानी कधी आले नव्हते. गुंजा मात्र मुद्दाम वगळल्या होत्या. दिसावयास सुंदर, पण विषारी, आणि घरात रांगते मूल. गोठ्यातले बैल पोळ्याचे, मातीचे. गाय सावंतवाडीची, लाकडी, एक शिंग मोडलेली. उजेडासाठी सासूबाईंच्या सासऱ्यांचा घासलेटचा जुना कंदील. त्यात आता घासलेट नसते, लहानसा विजेचा दिवा असतो.

अडले होते ते पेंढ्यापाशी. गव्हाणीत पेंढा हवाच, आणि खरवईत तो मिळेना! ज्या जागी पूर्वी भाताची खाचरे होती, तेथे आता वाहने उभी असतात. यजमान दोन संध्याकाळी हिंडले. अखेर गावाच्या कडेला एका वृद्ध शेतकऱ्याने दोन पेंढ्या दिल्या आणि पैसे घेण्याचे नाकारले. "गोठ्यासाठी नेता ना? मग त्याचे पैसे कसले?" कोणता गोठा, हे त्याने विचारले नाही.

आता राहिले आकाश. सासूबाई उठल्या, आतल्या खोलीतून एक जुनी ट्रंक पुढे ओढली आणि मलमलीत गुंडाळलेले एक वस्त्र बाहेर काढले. ते त्यांनी अलगद उलगडताच आत्याबाईंच्या तोंडून शब्द निघाला, "चंद्रकळा!" होय, खडीची चंद्रकळाच ती. काळ्याभोर पोतावर खडीचे ठिपके. काही पुसट झालेले, काही अजून चमकणारे. तीन ठिकाणी रफू. सासूसुनांनी दोन्ही बाजूंनी धरून ती गोठ्यामागे दोरीवर टाकली, टाचणी मात्र कोठेही टोचू दिली नाही. कंदील लावला आणि आमच्या देखत भिंतीवर पौषातली रात्र उतरली. बेथलेहेमच्या आकाशास याहून साजेसे वस्त्र आम्ही तरी पाहिलेले नाही.

आत्याबाईंनी विचारले, "कुणाची हो ही?"

"माझ्या आजेसासूबाईंची," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्या पहिल्या संक्रांतीची. घर ब्राह्मणाचेच होते. पुढे यजमानांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यामागून यांनीही घेतला. सासरचे दार बंद झाले, माहेरचेही. निघताना अंगावरच्या लुगड्याखेरीज एवढी एकच वस्तू बरोबर होती. पुन्हा कधी नेसल्या नाहीत. पण दरवर्षी उन्हात मात्र घालीत."

"मग माहेरच्यांनी नंतर कधी विचारपूस केली?"

"नाही."

खोलीत कोणी काही बोलले नाही. आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांची आठवण झाली. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर काही वर्षे त्या दोघांची ताटातूट झाली, आणि पुढे लक्ष्मीबाईंनी ती सारी हकीगत 'स्मृतिचित्रे'त लिहिली. ते पुस्तक आमच्या पिढीने हसत आणि डोळे पुसत वाचले. परंतु पुस्तकात वाचणे निराळे आणि ज्या लुगड्याला माहेर उरले नाही ते लुगडे समोर टांगलेले पाहणे निराळे. बरे, ते सुटले कसे? सुनेच्या पहिल्या नाताळात, त्या दोन दिवसांच्या अबोल्यानंतर, सासूबाईंनी आपण होऊन ट्रंक उघडली होती. "तिला गोठा हवा होता, मला मूर्ती नको होत्या. म्हटले, आकाश तरी माझ्या घरचे असू दे." तेव्हापासून मूर्ती सुनेच्या आणि आकाश सासूचे, अशी वाटणी आहे.

सण परका आणि वस्तू आपल्या, असे म्हणून हा विषय संपविता येईल काय? आम्हांस तसे वाटत नाही. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज खरा. पण फादर स्टीफन्सने येशूचे चरित्र मराठी ओवीत गुंफलेले 'क्रिस्तपुराण' राचोलला 1616 साली छापले गेले. चिमाजी आप्पांनी 1739 साली वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चमधील घंटा आपल्या देवळांत आल्या. वाईजवळ मेणवलीस घाटावर टांगलेल्या घंटेवर बालयेशूसह मरियेची आकृती आहे, आणि कित्येक पिढ्या शंकराच्या दर्शनास जाताना लोकांनी तीच घंटा वाजविली. त्यांची घंटा आमच्या देवळात नांदते. आमची चंद्रकळा त्यांच्या गोठ्यामागे. तेव्हा जुन्या वस्तू माणसांइतक्या हट्टी नसतात, एवढे तरी मान्य करावे लागेल.

परतीच्या गाडीत आत्याबाई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. अंबरनाथ मागे पडल्यावर म्हणाल्या, "आपल्या वंशावळीत माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाच्या नावापुढे काय आहे, ठाऊक आहे ना?" आम्हांस ठाऊक होते. त्या नावापुढे काही नाही. एक आडवी रेघ आहे. लहानपणी विचारले की वडील माणसे 'ते बाटले' एवढेच सांगून विषय बदलीत. त्यांना पत्नी होती काय, मुले होती काय, त्यांचे पुढे काय झाले, हे कोणी टिपून ठेवले नाही. घराण्याचे कागद जपणारे आम्ही; परंतु एका माणसापुरते जपणे आम्ही बुद्धिपुरस्सर थांबविले. खरवईच्या त्या बाईंनी मात्र, ज्या घराने टाकले त्याच घराची खूण शंभर वर्षे वाळवी लागू न देता राखली. घराण्याचा अभिमान कोणी धरावा, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोपवितो.

ती रेघ पुसता येईल काय, म्हणून आम्ही शोध आरंभला आहे. अद्याप काही हाती लागलेले नाही. लागेलच असेही नाही.

तीन राजांचा सण म्हणून 6 जानेवारी पाळतात. त्यानंतर गोठे उतरवितात. आत्याबाईंनी त्याआधीच पुतण्याबरोबर खरवईस निरोप धाडला, "चंद्रकळा इतक्यात घडी घालून ठेवू नका. आठवडाभर राहू द्या." भोगीच्या दिवशी त्यांनी स्वतः हलव्याची पुरचुंडी बांधली. काटेरी, पांढराशुभ्र हलवा. थोडे तिळगूळ, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी आम्ही वाचली, कारण लिहिताना त्यांचा हात थरथरतो म्हणून ती आम्हीच लिहून दिली होती. तीत एवढेच होते, "हा हलवा तुमच्यासाठी नाही, चंद्रकळेसाठी आहे. तिला किती वर्षांनी संक्रांतीचे आले आहे ते तुम्हीच मोजा. तिळगूळ मात्र तुम्हां सर्वांना."

चार दिवसांनी खरवईहून उत्तर आले. शब्द एकही नव्हता. पत्र्याचा एक पसरट डबा होता, त्यात ओली माती, आणि मातीत नाचणीचे हिरवे कोंब. आत्याबाईंनी तो देवघराच्या खिडकीत ठेवविला. उजेडात.