आम्ही यंत्र थांबवावयास शिकलो

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेच्या दारावर यंदा एक नवी सागवानी पाटी लागली आहे. तिच्यावरील अक्षरे कोणा कारागिराने हाताने कोरलेली नाहीत; ती आम्ही तिघा मित्रांनी बांधलेल्या लहानशा मिलिंग यंत्राने कोरली. ही हकीकत वार्षिकासाठी लिहून द्यावी असा संपादकांचा आग्रह पडला. पाटी चांगली झाली, एवढेच सांगावयाचे असते तर दोन ओळी पुरल्या असत्या. परंतु ती होण्यापूर्वी आमच्या हातून जे घडले ते सांगणे अधिक अगत्याचे वाटते.

बेळगावात वाढलेल्या मुलांना यंत्रांचे वेड लागावे यात नवल नाही. उद्यमबागेच्या रस्त्याने जाताना फाउंड्रीचा तापलेला वास व लेथचा आवाज सोबतीला असतोच. आमच्यातील एकाच्या मामांचे तेथे लहानसे वर्कशॉप आहे. संगणकाच्या हुकमावर चालणारी मोठी यंत्रे आम्ही प्रथम त्याच भागात पाहिली. आकड्यांनी चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे पहिले प्रात्यक्षिक १९५२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे झाले. तेव्हा यंत्राला हुकूम मिळत ते छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून. आज तेच काम घरगुती संगणक करतो. मग आपणही असे एक यंत्र का करू नये, असे आमच्या मनाने घेतले.

सांगाडा, स्क्रू व तीन स्टेपर मोटरी मामांच्या मदतीने जमल्या. त्यांच्या कचेरीतला एक अडगळीतला संगणक मिळाला. तो जुना होता म्हणूनच उपयोगी होता. कारण त्याला प्रिंटरसाठी असलेला पंचवीस पिनांचा पोर्ट होता, जो आताच्या संगणकांना सहसा नसतो. त्यातील बारा पिनांवरून संगणक बोलतो, पाच पिनांवरून ऐकतो, व उरलेल्या आठ जमिनीशी जोडलेल्या असतात. संगणक आणि मोटरींचे ड्रायव्हर यांच्यामध्ये जो मध्यस्थ लागतो तो इंटरफेस बोर्ड. तो विकत मिळतो. पण आम्हांस तो स्वतःच करावयाचा होता.

आराखडा घेऊन आम्ही मामांकडे गेलो. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "पोरांनो, चालवायचं सगळं दिसतंय यात. थांबवायचं कुठं आहे?"

"मामा, संगणकावर एक कळ दाबली की थांबतं," आम्ही म्हणालो.

"आणि संगणकच ऐकेना झाला तर?"

जुन्या माणसांची सावधगिरी म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेले. सुरक्षेच्या भागासाठी चार-दोन सुटे भाग व एक रिले अधिक लागला असता. बोर्डावरील जागा व खर्च दोन्ही वाचावे म्हणून तो भाग आम्ही गाळला. तो गाळण्याची सूचना तिघांपैकी कोणाची होती, हे येथे लिहावयाचे नाही असे ठरले आहे. संमती तिघांची होती.

बोर्ड घरीच केला. कागदावर छापलेली आकृती तांब्याच्या पत्र्यावर आईच्या इस्त्रीने उमटविली, फेरिक क्लोराइडच्या द्रावणात नको असलेले तांबे विरघळविले, छिद्रे पाडली, डाख दिला. मोरीच्या फरशीवरील तपकिरी डाग अजून निघालेले नाहीत.

पहिल्या परीक्षेत यंत्राने आमची चांगलीच फजिती केली. 'विज्ञान प्रयोगशाळा' ही अक्षरे कोरली, तो प्रत्येक अक्षराची शिरोरेषा आधीच्या अक्षराहून किंचित खाली! 'ळा' पर्यंत पोचेतो ओळ जिना उतरावा तशी उतरली होती. प्रथम आम्ही स्क्रूला दोष दिला. मग हिशेब मांडला. आमची मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो, म्हणजे फेऱ्याला १६०० स्पंद. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो. तेव्हा दर मिलिमीटरला ३२० स्पंद. कोरताना हत्यार सावकाश चाले, म्हणून अक्षराचे वळण बिनचूक येई. मात्र अक्षर संपले की हत्यार उचलून पुढच्या शिरोरेषेकडे वर जाताना वेग सेकंदास २५ मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला ८००० स्पंद होत. संगणकास मोटरींच्या विजेपासून अलग ठेवण्यासाठी आम्ही प्रकाशाच्या द्वारे निरोप पोचविणारे जे ऑप्टोकपलर वापरले होते, ते स्वस्त व मंद होते. एक स्पंद मिटण्यापूर्वीच दुसरा येई, दोन्ही एकात मिसळत, आणि मोटर तेवढी पावले चुके. हत्यार वर पोचावयास हवे तेथे पोचत नसे, आणि पुढची शिरोरेषा खाली पडे. मंद ऑप्टोकपलर काढून वेगवान ६एन१३७ बसविले, पोर्टच्या तुटपुंज्या प्रवाहाला ७४एचसीटी५४१ या बफरचा आधार दिला, आणि ओळ सरळ आली. त्या रात्री आम्हांला आकाश ठेंगणे झाले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्यातील एकजण स्पिंडलच्या कोलेटमध्ये नवे हत्यार पान्याने आवळीत होता. स्पिंडलची मुख्य वीज चालू होती. ती बंद करावयाची असते हे कोणाच्या ध्यानी आले नाही. दुसऱ्याने संगणक सुरू केला. कार्यक्रम अजून उघडलाही नव्हता, आणि स्पिंडल एकाएकी फिरू लागला. पाना उडून भिंतीवर आदळला. आम्ही भिंतीवरील बटणाकडे धावलो. तोवर मित्राच्या तर्जनीतून रक्ताची धार लागली होती.

बोटाला दोन टाके पडले. अधिक काही झाले नाही, हे केवळ दैव. दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही ठरविले की, दारात बोट सापडले असे घरी सांगावयाचे. तसे सांगितलेही. मित्राच्या आईने विश्वास ठेवला, त्या बोटावर फुंकर घातली आणि आम्हा तिघांना गरम दूध दिले. ते दूध आमच्या घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रथम त्यांच्याकडे व मग मामांकडे जाऊन खरे काय ते सांगितले. आई रडल्या. मामा रागावले नाहीत. त्यांनी वर्कशॉपच्या त्या खोलीला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली.

कुलूप महिनाभर राहिले. त्या महिन्यात आम्ही दोष शोधला. संगणक सुरू होताना, कार्यक्रमाचा ताबा येण्यापूर्वी, पोर्टच्या काही पिनांवर आपोआप ५ व्होल्ट येतात. आमचा रिले तेवढ्यावरच ओढला जात होता. संगणकाने हुकूम दिला नव्हता. पण हुकूम आणि अपघाताने आलेली वीज यांतील फरक ओळखण्याची सोय आम्हीच बोर्डात ठेवली नव्हती.

नव्या बोर्डात ती ठेवली. आता कार्यक्रम जागा आहे तोवर एका पिनेवरून अखंड स्पंद पाठवितो. ते एका कपॅसिटरमधून जाऊन दुसऱ्यास भारित ठेवतात, आणि त्या भारावर मुख्य रिले तग धरतो. नुसता स्थिर व्होल्ट कपॅसिटर पलीकडे जाऊ देत नाही. स्पंद थांबले की भार ओसरतो व रिले सुटतो. शिवाय लाल बटण बसविले. त्याचा संपर्क नेहमी जुळलेला असतो. बटण दाबले, वा त्याची तार कोठेही तुटली, तरी मंडळ खंडित होऊन यंत्र थांबते. बिघाड झाला तर तो थांबण्याच्या बाजूने व्हावा, हे त्यातील मर्म.

मामांना बोलाविले. यंत्र कोरीत होते. आम्ही समजावून सांगू लागलो. ते ऐकून घेत होते. एकाएकी त्यांनी हात पुढे करून संगणकाची केबल उपटली. मोटरी थबकल्या, स्पिंडल घरघरत शांत झाला. त्यांनी केबल परत लावली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. स्पिंडल हलला नाही. मग मामांनी खिशातून किल्ली काढली आणि टाके पडलेल्या त्या हातावर ठेवली.

दारावरची पाटी दुसऱ्या बोर्डावर झालेली आहे. पहिली, जिन्यासारखी उतरणारी, प्रयोगशाळेत आतल्या भिंतीवर लावावी अशी विनंती आम्ही गुरुजींना केली, आणि त्यांनी ती मान्य केली. तिच्याखाली तो जुना बोर्डही टांगला आहे. यंत्र बांधू इच्छिणाऱ्या आमच्या धाकट्या बंधुभगिनींनी दारावरची पाटी पाहून आत यावे, आणि आतली नीट पाहून मगच कामास लागावे.